कुन्झेसचा शापो

तोकमर गावात शापोंना, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्यांना, सगळ्यात जास्त शिव्या कुणी घातल्या असतील तर त्या कुन्झेसनं. तिचं घर गावाच्या वरच्या टोकाला, भिंतीला लागूनच डोंगर सुरू होतो. वसंतात वरचं गवत फुटायच्या आधी तिच्या शेतातली लसूणघास हिरवी व्हायची, आणि उजाडलं की रानमेंढ्यांचा कळप कुंपणाचे दगड ओलांडून आत. मग कुन्झेस अंगातला पायघोळ लोकरी गोंचा कमरेला खोचून, गोफण फिरवत शेतात धावायची.

"मेल्यांनो, तुमच्या बापानं पाणी पाजलं होतं का याला?"

तिचा नवरा मोरूप सुतार. घराच्या धाब्यावर रंधा मारत बसलेला असायचा. तो वरून म्हणायचा, "अगं हळू! पाहुणे आलेत. त्यांना वाटेल सासू खाष्ट आहे."

"पाहुण्यांना तूच वाढ मग. आणि हिवाळ्यात गोठ्यातल्या झो-बैलाला काय घालशील? भुसा? तुझा?"

कुन्झेस अशीच होती, धारदार. लग्न होऊन ओढ्यापलीकडच्या गावातून आली तेव्हा सासऱ्यानं शेळ्या तिच्या ताब्यात दिल्या, त्या अजून तिच्याच ताब्यात होत्या. मुलगा फौजेत, लांब कुठे आसामकडे. सून यांगस्किट घरी. कुन्झेस रोज शेळ्या घेऊन वर जायची आणि शापोंचं सगळं आयुष्य तिच्या डोळ्यांसमोरून जायचं, जसं शेजारच्या घराचं जातं. नर तो शापो, मादी ती शामो. बायका-पोरं एका कळपात, दाढीवाले बाप्ये वेगळे. उन्हाळाभर ते आपसात टोळकं करून हिंडणार, एकमेकांच्या शिंगांना तोंड घासणार आणि लोसरच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाच्या, थंडीत एकदाचे बायकांकडे येणार. मग कड्यांवर टकरांचे आवाज. विण्याची वेळ आली की शामो कळप सोडून एकटीच उघड्या कड्यावर चढते, जिथे लांडग्याचा पाय टिकणार नाही. कुन्झेसला हे सगळं माहीत होतं, पण त्यात तिला कौतुक असं काही नव्हतं. शापो म्हणजे घास खाणारे चोर.

त्या वर्षी वसंतात मोठ्या रस्त्याकडची मोकाट कुत्री ओढ्यानं वर आली. कुन्झेस शेळ्या पाण्यावर घेऊन गेली होती. खडकाच्या आड गुरगुर ऐकून ती पुढे गेली, आणि जागीच थांबली. एक शामो आडवी पडलेली. कुत्र्यांनी तिचं पोट फाडलं होतं. आणि तिच्या मागच्या पायांपाशी एक कोकरू उभं होतं, नाळ अजून ओली, आणि ते मेलेल्या आईचं आचळ शोधत होतं. कुत्री एका बाजूनं खात होती, ते दुसऱ्या बाजूनं ढुशा देत होतं.

कुन्झेसनं गोफणीनं कुत्री हाकलली. त्यानंतर काय करायचं हे तिला कळेना. ती वळली आणि शेळ्यांकडे चालू लागली. मागे खडीवर बारीक टपटप आली. कोकरू तिच्या मागे येत होतं.

"मी नाही उचललं त्याला," पुढे ती सगळ्यांना सांगायची. "तेच माझ्यामागे आलं. आपण होऊन."

त्याचं नाव तिनं नोनो ठेवलं. आमच्याकडे घरातल्या धाकट्या मुलाला नोनोच म्हणतात. पांढऱ्या शेळीच्या दुधावर नोनो वाढला. हिवाळ्यात चुलीशेजारी झोपायचा आणि उन्हाळ्यात कुन्झेसच्या पायात पायात वर चरायला जायचा. सातूचं पीठ सांडलं तर जीभ लावून जमीन लख्ख करायचा. संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली की तो तोंड तिच्या गुडघ्याला घासायचा, तिच्या तळहातावरचं मीठ चाटायचा. ज्या बाईनं आयुष्यभर शापोंना दगड मारले तिच्या मांडीवर शापोचं डोकं, याची गावभर थट्टा झाली. मोरूप पाहुण्यांना सांगायचा, "बायकोला आता दुसरा नवरा मिळालाय. दाढी माझ्यापेक्षा चांगली येणार आहे त्याला."

वनखात्याचा रक्षक तुंडुप आमच्याच गावचा, नात्यानं कुन्झेसचा भाऊ, तिला आचे-ले, म्हणजे ताई, म्हणणारा. तो पहिल्याच उन्हाळ्यात येऊन बसला. लोण्याचा चहा घेतला, पुन्हा घेतला, आणि मग भीत भीत म्हणाला, "आचे-ले, रानातलं जनावर घरात ठेवता येत नाही. मलाच बोलणी बसतील."

"घेऊन जा मग. दूध आहे तुझ्याकडे?"

"नाही, म्हणजे..."

"रात्री उठून पाजशील?"

तुंडुपनं कप पालथा केला आणि निघून गेला. त्या दिवशी नेलं असतं तर बरं झालं असतं, असं तो पुढे म्हणायचा. पण कुन्झेससमोर दुसऱ्यांदा उभं राहायची हिंमत गावात कुणाचीच नव्हती, तिथे तुंडुपची कुठून असणार?

नोनो वाढला. शिंगं आधी कानांएवढी, मग वाक घेऊन मागे वळली, जाड झाली, त्यांवर वळ्या उठल्या. छातीवर काळी आयाळ उतरली, हनुवटीखाली पांढरी. जंगली कळप शेतात उतरला की तो त्यांच्याकडे जायचा नाही. कुन्झेस ओरडत त्यांना हाकलायची आणि हा तिच्या बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघायचा, जणू परके कोण आले म्हणून. तिला याचा फार अभिमान. "बघा, आपलं कोण ते त्याला बरोबर कळतं."

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं एक नवी खोड काढली. कुन्झेसच्या शेजारी यायचा, मान खाली ताणायचा आणि पुढचा पाय ताठ करून तिच्या नडगीवर मारायचा. ती हसायची, "आई ग! खेळतोय." यांगस्किटला ते आवडलं नाही. एकदा ती पाण्याचे डबे घेऊन येत असताना त्यानं फाटकात तिची वाट अडवली आणि हलायलाच तयार झाला नाही. वरच्या कड्यांवर तेव्हा टकरा सुरू झाल्या होत्या. आवाज दरीतून घुमत खाली यायचा आणि नोनो खाणं सोडून ऐकत राहायचा. अंगणातल्या वाळुंजाच्या बुंध्याची साल त्यानं शिंगांनी सोलून काढली.

"आमा-ले, याला बांधू या का? निदान लोसर होईपर्यंत?"

"माझ्या पोराला बांधू? तुझा नवरा लहानपणी कमी मस्ती करायचा का? त्याला बांधलं होतं मी?"

लोसर आला. स्वयंपाकघराच्या फडताळात दरवर्षीप्रमाणे कणकेचे रानबोकड मांडले. शिंगांचं जनावर घरात शुभ, म्हणून आम्ही ते करतो. कुन्झेसच्या घरी तर जिवंतच होतं. त्यामुळे लोसरला भेटीला आलेला जो तो नोनोच्या गळ्यात खतक घालायला बघायचा. पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी घातलेही. पांढऱ्या रेशमी पट्ट्या त्या काळ्या आयाळीवर काय शोभत होत्या! तो हलला नाही.

सगळं गाव वरच्या आळीत जमलं त्या दिवशी कुन्झेसचं अंगण भरलं होतं. मोरूप छांग, सातूची दारू, वाढत होता. कोपऱ्यात ढोल चालला होता. कुन्झेस आत तयार होत होती. तिनं आईचा पेराक डोक्यावर चढवला. कपाळापासून पाठीपर्यंत फिरोज्यांचे निळे खडे, आणि कानांवर दोन्ही बाजूंना कोकराच्या काळ्या कातड्याचे ते रुंद, वळलेले पंखे. खांद्यावर मेंढीचं कातडं. ती उंबऱ्यावर आली तेव्हा बायका म्हणाल्या, "राणी आली, राणी!"

ती हातात खतक घेऊन नोनोसमोर गेली. थोरांपुढे वाकतात तशी गमतीनं वाकली, अगदी खाली, डोकं त्याच्या डोक्याच्या उंचीला.

नोनो मागे सरकला. पुन्हा दोन पावलं मागे.

"लाजला!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मग तो धावत आला.

तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना अजून सांगता येत नाही. सुकं लाकूड दगडावर आपटावं तसा. पेराक फाटला. निळे खडे बर्फावर उडाले, घरंगळत मोरूपच्या पायांपर्यंत गेले. कुन्झेस गुडघ्यांवर बसलेली, हात पुढे तसाच, हातात खतक तसाच. कुणीही ओरडलं नाही. ढोलवाल्याची पाठ तिकडे होती, तो वाजवतच राहिला. त्या ढोलाच्या तालावर नोनो मागे मागे गेला, बाजूला वळला, मान उंचावून आपली शिंगं दाखवत थांबला. वाट बघत होता. ती उठून आपल्यावर चाल करील याची.

ती उठू लागली. हात टेकून, वळून. तेवढ्यात तो दुसऱ्यांदा आला आणि खुब्यावर आदळला.

आता कुठे मोरूप हलला. त्यानं बाक उचलून मध्ये घातला, चार माणसांनी नोनोला शिंगांना धरून ओढलं. कुन्झेस कुशीवर पडली होती. कपाळावरून रक्त डोळ्यात जात होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ओरड नाही, कण्हणं नाही. नुसतं विचारल्यासारखं म्हणाली, "नोनो?"

शेजाऱ्याच्या गाडीतून तिला लेहला नेलं. घाटात बर्फ होतं, गाडी रांगत होती. मोरूपच्या मांडीवर तिचं डोकं. डोळे सताड उघडे, पापणीसुद्धा लवत नव्हती. त्यानं वाटेत तीनदा तिच्या नाकापुढे हात धरून बघितलं.

खुबा मोडला होता. डोकं पेराकच्या जाड चामड्यानं वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. पण कुन्झेस बोलेना. यांगस्किट स्क्यू, कणकेच्या गोळ्यांचं कालवण, करून पाठवायची, मोरूप भरवायचा, ती गिळायची. कुणी विचारलं दुखतं का, तर भिंतीकडे बघायची. मोरूपला वाटलं वाचा गेली. जिच्या तोंडापुढे गाव टिकत नव्हतं ती ही. तो तिला चिडवून बघायचा, "बोल काहीतरी. एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच मिळतेय, मला झोप येत नाही." तरी नाही.

एके दिवशी दुपारी ऊन खाटेवर आलं असताना ती म्हणाली, "त्यानं बघितलं होतं."

मोरूप दचकून उठला. "काय?"

"माझ्या डोळ्यांत बघितलं त्यानं. आधी. मी आहे हे बघितलं, मग आला."

"जनावर आहे ते. माजावर होतं."

"परका म्हणून मारलं असतं तर मला काही वाटलं नसतं रे. पण बघितलं होतं."

मोरूपला पुढे ऐकवेना. तो कपडे आणायला गावी गेला आणि घरात पाय ठेवण्याआधी कुऱ्हाड घेऊन गोठ्याकडे वळला. नोनोला तिथे कोंडलं होतं. दारात यांगस्किट उभी होती. जिला त्या जनावराची सगळ्यात जास्त भीती, जिनं बांधा म्हणून सांगितलं होतं, ती दोन्ही हात चौकटीला लावून उभी.

"बाजूला हो."

"आमा-ले आल्याशिवाय नाही."

"तिचा पाय गेला कायमचा!"

"म्हणूनच. त्या ठरवतील. त्या आल्या आणि तुम्ही आधीच मारून टाकलेलं असलं, तर काय सांगू मी त्यांना?"

मोरूपनं कुऱ्हाड तिथेच टाकली आणि ओंडक्यावर बसून रडला. त्याला रडताना पाहिलेली यांगस्किट एकटीच. तिनं हे कुन्झेसला खूप नंतर सांगितलं.

कुन्झेस घरी आली तेव्हा ओढ्यावरचा बर्फ कडेनं तुटायला लागला होता. काखेत कुबडी. तिला धाब्यावर उन्हात बसवायचे. नोनोबद्दल तिनं काही विचारलं नाही आणि कुणी काढलंही नाही. खाली गोठ्यातून त्याचा आवाज यायचा, तेव्हा ती शाल डोक्यावरून घ्यायची.

समोरच्या उतारावर शापो असायचे. आता कामधंदा नव्हता, हाकलायला धावता येत नव्हतं, त्यामुळे ती नुसती बघायची. दोन मोठे नर होते, कायम एकत्र. एक चरला की दुसरा चरायचा, एक बसला की दुसरा त्याच्या पाठीला पाठ लावून. त्यातला थोडा लहान दुसऱ्याच्या शिंगांना गाल घासायचा, डोळे मिटून. एका दुपारी त्यानं मान खाली ताणली आणि पुढचा पाय ताठ करून मोठ्याच्या छातीखाली मारला. मोठा वळला. दोघं एकमेकांपासून लांब गेले, मागे फिरले आणि धावत येऊन धडकले. आवाज दरीत घुमला. कुन्झेसच्या हातातला कप पडला, चहा गोंच्यावर सांडला. तिचे डोळे तिकडेच होते. ते दोघं धडकेनंतर क्षणभर तसेच स्तब्ध राहिले, आणि मग पुन्हा शेजारी शेजारी चरायला लागले. तोंडाला तोंड लागेल इतक्या जवळ.

"मोरूप! मोरूप, वर ये!"

तो जिन्यावरून धावतच आला. "काय झालं? दुखतंय?"

"त्यानं मला ओळखलं होतं," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ओळखलं म्हणूनच मारलं. हे परक्याशी टक्कर घेत नाहीत बघ, दिवसभर ज्याच्याबरोबर हिंडतात त्याच्याशीच घेतात. मी त्याला पोर समजत होते, आणि तो... अरे, तो मला आपल्यातलाच एक समजत होता. दाढीवाला! पाय मारून विचारत होता कित्येक दिवस, आणि मी हसत होते. मग मी पेराकच्या पंख्यांची शिंगं लावून त्याच्यासमोर मान खाली घातली."

मोरूप तिच्याकडे बघत राहिला, मग समोरच्या उताराकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"मी माणूस आहे हे त्याला कधी कळलंच नाही," कुन्झेस म्हणाली. "तो शापो आहे हे त्यालाही कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं, आणि मी त्याला चुलीजवळ निजवत होते."

त्या दिवसानंतर ती पुन्हा बोलायला लागली, आणि पहिलं काम म्हणजे तिनं तुंडुपला बोलावून घेतलं. खात्याची गाडी येईल, नोनोला खाली मोठ्या कुंपणात नेतील, तिथे रानात न सोडता येणारी जनावरं ठेवतात, असं तो म्हणाला. इथे डोंगरात सोडलं तर जे पहिलं माणूस दिसेल त्याच्याकडे तो जाणार, आणि पुढच्या थंडीत त्याला मारणार. कुन्झेसनं होकारार्थी मान हलवली.

"न्यायच्या आधी मला भेटायचंय त्याला."

"आचे-ले, कशाला उगीच?"

"मला आता त्याची भीती नाही. मला कळलंय सगळं."

गाडी आली त्या दिवशी तिनं साधा गोंचा घातला, डोक्याला काही नाही. यांगस्किटच्या खांद्यावर हात टेकून ती गोठ्याशी आली. फळ्यांमध्ये फट होती. नोनोचा माज केव्हाच उतरला होता, आयाळीचे केस गळत होते. तिचा वास आला तसा तो उठला आणि फटीतून तोंड बाहेर काढून हळू आवाजात ओरडला, लहानपणी दुधासाठी ओरडायचा तसा. जीभ बाहेर काढून मीठ शोधू लागला.

कुन्झेसच्या मुठीत मीठ होतं. तिनं हात पुढे केला.

हात अर्ध्यावर थांबला. तिनं पुन्हा जोर लावला. हात जाईना. तिला सगळं कळत होतं, राग कधीच नव्हता, माया तशीच होती, आणि हात पुढे जात नव्हता. कोपरापासून तो आपोआप मागे येत होता, जणू दुसऱ्या कुणाचा. ती आपल्याच हाताकडे आ वासून बघत राहिली. त्या लोसरच्या दिवशीसुद्धा तिचा चेहरा इतका हादरलेला नव्हता, असं यांगस्किट सांगते.

"आमा-ले, द्या मी देते."

यांगस्किटनं तिची मूठ सोडवून मीठ घेतलं आणि डोळे घट्ट मिटून आपला हात फटीत घातला. नोनोनं मीठ चाटलं. चाटताना तो बघत मात्र कुन्झेसकडे होता.

मग तुंडुप आणि गाडीबरोबर आलेली माणसं दोर घेऊन पुढे आली. कुन्झेस अंगणातच उभी होती. गाडी वळणाआड गेली तरी मुठीत मीठ असल्यासारखा तिचा हात वळलेलाच होता.

याला आता बरीच वर्षं झाली. नोनो त्या कुंपणात आहे, की होता, हे तुंडुप नीट सांगत नाही आणि कुन्झेस विचारत नाही. पेराकचे जेवढे खडे सापडले तेवढे गोळा करून तिनं यांगस्किटला दिले. नवा करून घे, नाहीतर विकून टाक, तुझी मर्जी. शेळ्या यांगस्किट नेते. कुन्झेस लंगडत पाणचक्कीवर जाते, गावाचा सातू दळून देते, आणि तिथे बसल्या बसल्या जो येईल त्याला फैलावर घेते. तोंड पहिल्यासारखंच चालतं. फक्त मागून कुणी आलं तर ती इतक्या जोरात दचकते की हातातलं पीठ उडतं. गावाला ठाऊक आहे, म्हणून सगळे लांबूनच खाकरत येतात. मोरूप तर ओढ्यापासूनच गायला लागतो, बेसूर, मोठ्यानं.

"बंद कर ते! ऐकू आलं मला!" ती आतून ओरडते.

"ऐकू येण्यासाठीच गातोय," मोरूप म्हणतो, आणि पीठ उचलायला आत शिरतो.